मंत्र्याची आई

होशंगच्या ‘नको’ची मला फार चीड यायची.

ताट घेऊन जिना चढावा, दार वाजवावं, तर हा माणूस उजवा हात छातीवर ठेवणार, मान तिरकी करणार आणि साखरेच्या आवाजात म्हणणार, ‘‘नको आक्का, खरंच नको.’’

पहिल्या वेळी मी ते खरं धरलं. गरम थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. नको तर नको, मी काय गळ्यात पडायला आले होते? ताट घेऊन वळले. दोन पायऱ्या उतरून मागे बघितलं, तर हा अजून दारातच. डोळे माझ्या तोंडावर नव्हते, ताटावर होते. भूक लागलेल्या माणसाचे डोळे मला कळतात. मग हा नको का म्हणतो? माझ्या हातचं चालत नाही की काय याला?

असं पुष्कळदा झालं. शेवटी माझ्या थोरल्या सुनेनं, सुवर्णानं, त्याच्याकडूनच काढून घेतलं. त्यांच्या इराणात म्हणे पहिल्या विचारण्याला हो म्हणणं वाईट दिसतं. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा लाजत घ्यायचं. देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो तीनदा विचारतो.

मी तशीच वर गेले.

‘‘होशंग, अशी पद्धत आहे तुमच्यात?’’

‘‘आहे, आक्का.’’

‘‘आणि या पद्धतीपायी तू माझ्या घरात वाळून मेला असतास, तर लोकांनी शेण कुणाच्या तोंडात घातलं असतं?’’

‘‘तुमच्या, आक्का.’’

‘‘मग ऐक. मी एकदाच विचारणार. दुसऱ्यांदा जिना चढायला माझे गुडघे तयार नाहीत. आता सांग, थालीपीठ खाणार?’’

‘‘नको,’’ असं त्याच्या तोंडून सवयीनं सुटलं, आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून तो असा हसायला लागला की मीही हसले. ताट मात्र तेवढ्यात त्यानं ओढून घेतलं होतं.

हे सगळं वानवडीतलं, आमच्या घराच्या वरच्या खोलीतलं. याला आता पुष्कळ वर्षं झाली. मुलांनी वरचा मजला चढवला आणि म्हणाले, भाडेकरू ठेवू. मी म्हटलं, ठेवा, पण मी बघून ठेवणार. आले तेवढे सगळे मी परत पाठवले. कुणी पायात चपला घालून आत आला, कुणी माझ्याशी न बोलता थोरल्याशीच बोलायला लागला. होशंग आला तो उंबऱ्याबाहेर बूट काढून, हातात डाळिंबं घेऊन, आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘‘आक्का, मला सरकारनं घालवून दिलंय. तुम्ही ठेवता का?’’

पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले, भुवया मात्र काळ्याभोर. तरुणपणी इथे कॉलेजात शिकायला होता. तेव्हा पुण्यात इराणी पोरं खूप असायची. मराठी तो मेसमध्ये शिकला, म्हणून त्याला आमटी, भाकरी आणि शिव्या सगळं यायचं. परत गेला तो तेहरानच्या रेडिओवर लागला. नाटकांत काम करायचा. कुणाचाही आवाज काढायचा. मग एका वर्तमानपत्रात सरकारची टिंगल लिहायला लागला. ते वर्तमानपत्र सरकारनं बंद केलं. हा दुसऱ्यात लिहायला लागला, तेही बंद केलं. मग यालाच बंद केला. तुरुंगातून सुटला तेव्हा मित्रांनी सांगितलं, घरी झोपू नकोस. मेंढरं नेणाऱ्या लोकांबरोबर डोंगर ओलांडून तुर्कस्तानात उतरला, आणि तिथून फिरत फिरत पुण्याला आला. मी विचारलं, ‘‘इथेच का?’’ तर म्हणाला, ‘‘दुसऱ्या कुठल्या परक्या गावातले रस्ते मला डोळे मिटून चालता येत नाहीत.’’

आणि इथे येऊन गप्प बसला का? नाही. युरोपात त्याच्यासारख्याच पळून गेलेल्या लोकांनी एक छोटं रेडिओ स्टेशन काढलं होतं. आमच्या वरच्या खोलीतून हा कॉम्प्युटरवर बोलायचा, ते तिकडे पोचायचं, आणि तिथून आकाशातून थेट इराणात. दर शुक्रवारी दुपारी. शुक्रवारी तिकडे सुट्टी. लेकी, जावई, नातवंडं सगळी जेवायला जमलेली. खिडक्या लावून घ्यायच्या आणि होशंगला ऐकायचं.

आता वानवडीत दुपारी आवाज काय कमी? भंगारवाला आहे, कुत्री आहेत, माझा कुकर आहे. त्यासाठी हा काय करायचा, तर डोक्यावरून गोधडी घेऊन बसायचा. आत तो, माइक आणि एक लहान दिवा. गोधडी माझी. माझ्या सासूच्या लुगड्यांची, मी हातानं शिवलेली. मला आधी हे ठाऊक नव्हतं. पहिल्या शुक्रवारी मी वर गेले, तर जमिनीवर गोधडीचा ढीग, ढीग थरथरतोय आणि आतून तीन-तीन माणसांचे आवाज येतायत. मला वाटलं, झटका आला. खाली धावले, कांदा फोडून आणला, गोधडी उचलली आणि त्याच्या नाकाला लावला. त्या दिवशी अख्ख्या इराणानं त्यांच्या मंत्र्याला शिंकताना ऐकलं.

मंत्री म्हणजे त्यानंच बनवलेला. ‘सगळं ठीक आहे’ या खात्याचा मंत्री. लोक त्याला प्रश्न विचारायचे आणि मंत्री घसा खाकरून उत्तर द्यायचा. वीज गेली? गेली नाही, विश्रांती घेतेय. नदी आटली? आटली नाही, तळ लोकांना दिसावा म्हणून सरकारनं पाणी बाजूला केलंय. तो मला मागाहून मराठीत सांगायचा, पण त्याआधीच मी हसलेली असायचे. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, आवाज मात्र मला ओळखीचा होता. आमच्या गल्लीत रस्ता उकरून ठेवणारे आणि वर हात जोडून मत मागायला येणारे याच आवाजात बोलायचे. माझे थोरले दीर बहिणींना जमिनीचं समजावताना याच आवाजात बोलले होते.

होशंगच्या हे लक्षात आलं. मग दर शुक्रवारी तो मला बोलवायला लागला.

‘‘आक्का, तुम्ही फक्त बसा.’’

‘‘मी काय शोभेला बसू?’’

‘‘रेडिओवर लोक हसतात, पण मला ऐकू येत नाही. मी विहिरीत दगड टाकतो आणि आवाजच येत नाही. तुम्ही हसलात की कळतं, खाली पाणी आहे.’’

मग मी मेथीची जुडी घेऊन बसायचे. निवडून व्हायची तोवर याचं बोलणं संपायचं.

त्यांचं नवं वर्ष मार्चात येतं, आपल्या पाडव्याच्या आसपास. त्याआधीचा शुक्रवार म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. त्या आठवड्यात तो अंगात आल्यासारखा असायचा. अंघोळ करताना मंत्र्याच्या आवाजात बोलायचा. त्या वर्षी आणखी एक आनंद होता. त्याची आई येणार होती. तूरान खानूम तिचं नाव, म्हणजे तूरानबाई. शिराझला एकटी राहायची. पळून आल्यापासून त्यानं तिला डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मी खालची खोली झाडून घेतली होती, नवा पलंगपोस आणला होता.

त्या मंगळवारी मी सांज्याच्या पोळ्या घेऊन वर गेले, तर होशंग गोधडीची घडी घालत होता. धुतलेली, उन्हात वाळवलेली.

‘‘ही घ्या आक्का. आता लागणार नाही.’’

‘‘का? उकडायला लागलं?’’

तो पलंगावर बसला. म्हणाला, ‘‘या शुक्रवारी लोकांना नमस्कार सांगणार. मग बंद.’’

‘‘काय बंद?’’

‘‘सगळं. मंत्री, कार्यक्रम, मी.’’

मी पोळ्या टेबलावर ठेवल्या आणि खुर्ची ओढली. ‘‘नीट सांग. आणि सुरुवातीपासून सांग.’’

आदल्या संध्याकाळी शिराझहून फोन आला होता. आईच्या घरी तीन माणसं आली होती. चांगल्या कपड्यांतली, गोड बोलणारी. चहा प्यायले. तिचा पासपोर्ट तपासायला म्हणून घेतला. मग म्हणाले, बाई, मुलाला फोन लावा आणि समजवा. तो समजला की पासपोर्ट परत.

‘‘आणि ती काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, होशंग, माझ्या जिवा, तो कार्यक्रम बंद कर. मी म्हातारी झाले. मला तुला बघायचंय.’’ एवढं सांगून तो खिडकीकडे बघायला लागला. ‘‘आक्का, माझी आई आयुष्यात कधी मला नाही म्हणाली नाही. तुरुंगात भेटायला आली तेव्हासुद्धा म्हणाली, दाढी कर, बाकी सगळं छान आहे. आणि आता ती मागते. एकच गोष्ट मागते. कसं नाही म्हणू?’’

मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, पण रागही आला. या माणसाजवळ दुसरं होतं काय? देश गेला, घर गेलं, बायको कधीच सोडून गेली होती. शुक्रवारची ती दुपार तेवढी उरली होती. ती गेली की हा नुसता भुवयांचा माणूस राहणार, खिडकीत बसून कुत्री मोजणार. आणि आई येऊन काय बघणार? हेच?

‘‘ती माणसं तेव्हा शेजारी उभी होती?’’ मी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘ऐकत होती?’’

‘‘हो, तिच्या कानाला फोन त्यांनीच धरला होता.’’

‘‘मग ते बोलणं तुझ्यासाठी कशावरून? सुवर्णाच्या माहेरचे बसले असतात तेव्हा मीसुद्धा तिला म्हणते, बस गं बाई, दमलीस, मी करते. तिला ठाऊक असतं काय करायचं ते.’’

खालून सुवर्णाचा आवाज आला, ‘‘ऐकू येतंय बरं का!’’

‘‘येऊ दे!’’ मी म्हटलं आणि होशंगकडे वळले. ‘‘किती वेळा म्हणाली बंद कर?’’

‘‘एकदा.’’

‘‘एकदा! थालीपिठाला तीनदा आणि अख्ख्या आयुष्याला एकदा?’’

त्याच्या तोंडाचा कोपरा जरा हलला, पण हसला नाही.

‘‘बरं, शपथ घातली का?’’

‘‘शपथ?’’

‘‘अरे, आईला खरंच काही करून घ्यायचं असलं तर ती शपथ घालते. माझा धाकटा मोटारसायकलवरून गोव्याला निघाला होता. मी नाही म्हटलं, ऐकेना. ओरडले, ऐकेना. शेवटी म्हटलं, गेलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. हेल्मेट काढून ठेवलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. पण गेला नाही. तुमच्यात असं काही नाही?’’

होशंग एकदम ताठ बसला.

‘‘आहे,’’ तो हळू म्हणाला. ‘‘मर्ग-ए-मन.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘माझं मरण. तू हे केलं नाहीस तर मी मरेन. आक्का, ती प्रत्येक गोष्टीला म्हणते. मर्ग-ए-मन स्वेटर घाल. मर्ग-ए-मन अजून एक घास. मी दहा वर्षांचा असताना तिनं मर्ग-ए-मन म्हणून मला भेंडी खायला लावली होती.’’

‘‘आणि काल म्हणाली का?’’

तो आठवत राहिला. मग मान हलवली. ‘‘नाही.’’

‘‘स्वेटरला जी बाई मरण काढते, ती एवढ्या मोठ्या गोष्टीला विसरली? मुद्दाम नाही म्हणाली ती. त्या तिघांसमोर त्यांना हवं ते बोलली आणि तुझ्या पायात बेडी मात्र घातली नाही. तू एवढा बोलण्याचा धंदा करतोस आणि आईचं बोलणं कळत नाही तुला?’’

‘‘आक्का, घाबरलेल्या माणसाला शपथ सुचते का?’’

‘‘आईला सुचते.’’

‘‘आणि तुमचं चुकलं तर? पासपोर्ट गेला. मग मी तिला कधीच बघणार नाही.’’

त्याचं खरं होतं. मी गोधडी तिथेच पलंगावर ठेवली आणि म्हटलं, ‘‘पोळ्या खा.’’

‘‘नको.’’

या वेळी ते खरं होतं. ताट घेऊन खाली आले.

शुक्रवारपर्यंत तो कुणाशी धड बोलला नाही. त्याच्या खिडकीत नव्या वर्षासाठी पसरट ताटलीत गहू उगवलेले होते, घटासारखे हिरवेगार. त्यांना पाणी तेवढं घालायचा. मी विचारलं नाही. सुवर्णा म्हणाली, ‘‘आत्या, तुम्ही उगाच भरीला घालताय. त्या म्हातारीचं काही झालं तर?’’ मी म्हटलं, तू भाजीला मीठ घाल. पण त्या दिवशी आमटीत मीठ मीच दोनदा घातलं.

शुक्रवारी दुपारी मी मेथी घेऊन वर गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. सुवर्णाही मागून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. होशंगनं माझ्याकडे बघितलं, गोधडी उचलली आणि डोक्यावरून घेतली.

आत दिवा लागला. तो बोलायला लागला.

मंत्र्याच्या आवाजात नाही. स्वतःच्या साध्या आवाजात, हळू, एकेक शब्द ठेवत. निरोपाचं बोलणं कुठल्याही भाषेत ओळखू येतं. मी मेथीची काडी हातात धरून बसले. सुवर्णानं पदर तोंडाला लावला. गेलं, मी मनात म्हटलं. गेला आमचा मंत्री.

मग तो थांबला.

आणि गोधडीतून फोनची घंटा वाजली. खरी नाही, त्यानं तोंडानं काढलेली. ट्रिंग, ट्रिंग. मग खाकरणं. मंत्री! सगळं ठीक आहे खात्याचे साहेब स्वतः फोनवर आले होते. आणि पलीकडून एक म्हातारी बोलायला लागली. काय तो आवाज! घोगरा, नाकातला, मधेच दम लागणारा, पण एक शब्द पुढच्याला बोलू देत नव्हता. मंत्री ‘‘बले, मादर,’’ म्हणायचा, म्हणजे ‘‘हो आई,’’ आणि म्हातारी पुन्हा सुरू. मंत्र्याचा आवाज बारीक होत चालला. मोठा साहेब, बघता बघता शाळेतल्या पोराएवढा झाला.

आणि मग म्हातारीनं ते म्हटलं.

‘‘मर्ग-ए-मन!’’

मला ते मंगळवारपासून पाठ होतं. पुन्हा म्हटलं. आणि पुन्हा. प्रत्येक वाक्याला मर्ग-ए-मन. मंत्री रडकुंडीला आला, आणि आपलं ठरलेलं वाक्य, ‘सगळं ठीक आहे’, ते रडत रडत म्हणाला.

मला राहवलं नाही. मी हसले. मी हसते तेव्हा शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकतं, असं माझे मुलगे म्हणतात. सुवर्णा दाराला धरून हसत खाली बसली. गोधडी हलायला लागली, म्हणजे तोही हसत होता आणि हसू दाबून दोन्ही आवाजांत बोलत होता. मेथी सगळ्या खोलीभर झाली.

संपल्यावर तो बाहेर आला, घामानं निथळलेला, केस कपाळाला चिकटलेले.

‘‘काय म्हणाली ती म्हातारी?’’ सुवर्णानं विचारलं.

‘‘मंत्र्याची आई होती. म्हणाली, बाळा, तू जो देशात कार्यक्रम चालवतोस ना, तो बंद कर. मला गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नाही. शेजारणी मला कोथिंबीर देईनाशा झाल्यात. मर्ग-ए-मन, राजीनामा दे आणि घरी येऊन भेंडी खा.’’

मी त्याला म्हटलं, ‘‘आणि सुरुवातीला ते रडकं काय बोलत होतास?’’

‘‘निरोपच घेत होतो, आक्का. खरंच घेत होतो. पण बोलता बोलता आईचा तो फोन पुन्हा कानात वाजला, आणि माझ्या तोंडून तिचाच आवाज आला. मी नाही ठरवलं.’’

मग तो जमिनीवर बसून मेथी गोळा करायला लागला, आणि बघता बघता त्याचे हात थांबले. हसू ओसरलं होतं. आता ती तीन माणसं पुन्हा तिच्या दारात जाणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. सुवर्णानं चहा आणला. कुणी प्यायलं नाही. मीसुद्धा नाही.

ऊन कलल्यावर फोन वाजला. खरा.

होशंगनं नंबर बघितला. शिराझचाच, पण आईचा नव्हता, शेजारणीचा. त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

आणि काय सांगू, खोलीत तीच म्हातारी आली! तोच घोगरा, नाकातला आवाज, एक शब्द पुढच्याला बोलू देणार नाही असा. होशंग ‘‘बले, मादर,’’ म्हणत उभा, अगदी दुपारच्या मंत्र्यासारखा. मी सुवर्णाकडे बघितलं, तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबलेला.

‘‘काय म्हणते?’’ मी विचारलं.

‘‘म्हणते, माझा आवाज असा आहे का? म्हणते, मी काय अशी नाकात बोलते?’’ त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ‘‘अख्ख्या गल्लीनं ओळखला. जेवण टाकून बायका तिच्या दारात आल्या. तिला मंत्र्याची आई म्हणतायत. टोपलीभर कोथिंबीर आणून दिली.’’

‘‘आणि ती माणसं?’’

त्यानं विचारलं. तिकडून लांबलचक उत्तर आलं.

‘‘आली नाहीत अजून. आली तर चहा पाजीन म्हणते. आणि पासपोर्टासाठी उद्यापासून रोज त्यांच्या ऑफिसात जाऊन बसणार, विणकाम घेऊन. म्हणते, आधी ते कंटाळतात का मी, बघू.’’

हे तिनं खरं केलं बरं का. दीड वर्ष जाऊन बसली, पासपोर्ट मिळवला आणि आली. माझ्या स्वयंपाकघरात आम्हा दोघींचं काय काय झालं ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. होशंग आता परदेशात मोठ्या स्टेशनवर आहे, टीव्हीवर दिसतो, कोट घालतो. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. समोर टेबलावर फोन होता आणि फोनमध्ये ती होती.

मी म्हटलं, ‘‘विचार तिला. शपथ मुद्दाम घातली नव्हती ना?’’

त्यानं विचारलं. मग तिकडे जो भडका उडाला!

होशंगचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘‘आक्का, ती म्हणते... तुमचं बरोबर होतं.’’

‘‘एवढं ओरडून?’’

‘‘आमच्यात आनंद झाला की असं बोलतात.’’

‘‘होशंग, खरं सांग.’’

त्यानं खाली बघितलं. ‘‘म्हणते, शपथ घालणारच होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्या गाढवानं फोन काढून घेतला. म्हणते, तू बंद करावास असंच मला खरंच वाटत होतं. आणि विचारते, ही दीडशहाणी बाई कोण, जी माझ्या मनातलं तुला सांगते?’’

सुवर्णा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी पदर खोचला.

‘‘सांग तिला, शपथ आधी घालायची असते. नंतर नाही. चूक तिची.’’

तो फारसीत काहीतरी दोन गोड शब्द बोलला. मी बघत होते ना! एवढ्या मोठ्या वाक्याचे दोनच शब्द झाले. म्हातारीलाही कळलं, कारण ती तिकडून त्याच्यावरच ओरडली.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, ती बाई एवढं बोलली आणि तू एवढंसंच काय सांगतोस? तीच का ती, जी दुपारी हसत होती?’’

‘‘सांग, हो, तीच.’’

त्यानं सांगितलं. मग म्हातारी बोलली ती सावकाश, वेगळ्याच आवाजात. होशंग फोनवर वाकून ऐकत राहिला. मी वाट बघितली.

‘‘म्हणते, गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. ती एकटी आत बसून ऐकत होती. भीतीनं तिला हसू येईना. मग रेडिओतून ते हसणं आलं. आणि मग एकेका बंद खिडकीतून तसंच यायला लागलं. शेवटी तीही हसली.’’ त्यानं डोळे पुसले. ‘‘आणि आक्का, तिनं आता शपथ घातली. मर्ग-ए-मन, कार्यक्रम बंद केलास तर. आणि पुढच्या शुक्रवारी मंत्र्याच्या आईला जरा बरा आवाज दे.’’

मी पदरानं नाक पुसलं. म्हटलं, ‘‘सांग तिला, मुलगा चांगला वाढवलास. फक्त जेवायला शिकवला नाहीस.’’

तो पुन्हा काहीतरी गुळमुळीत बोलला. दोन्ही बाजूंनी एकदम ओरडा झाला. ती तिकडून फारसीत, मी इकडून मराठीत. तो मधे, घामाघूम, दोन्ही हात जोडलेले, कधी फोनकडे वळायचा तर कधी माझ्याकडे.

सुवर्णाला हसून हसून उचक्या लागल्या. शेवटी शेजारणीनं तिकडे फोन मागितला तेव्हा कुठे म्हातारीनं ठेवला, तेही आणखी तीन-चार मर्ग-ए-मन देऊन झाल्यावर.

होशंग खुर्चीत कोसळला आणि म्हणाला, ‘‘आक्का, तुरुंगातले लोक मला दिवसभर प्रश्न विचारायचे, तेव्हासुद्धा मी असा घामाघूम झालो नव्हतो.’’

मी उठले. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि त्याला तोंडावर सांगितलं, ‘‘होशंग, तू दोन म्हाताऱ्यांना एवढा भितोस, आणि तुझं सरकार तुला भितं. कसलं रे भित्रं सरकार तुमचं!’’